न पाहिलेल्या पेनांगची आमटी

चहा पिताय ना? मग कप आधी खाली ठेवा. हा किस्सा घडत असताना आमच्या बाबांच्या नाकातून चहा आला होता, म्हणून सांगतेय.

माझ्यासारख्या मुलीच्या हातून घोळ होतोच कसा, असं लोकांना वाटतं. मी वर्गात हात वर करत नाही. लिफ्टमध्ये ओळखीचं कुणी दिसलं तर जिन्यानं जाते, आणि आम्ही ओमानमध्ये, मस्कतच्या अल घुब्रात चौथ्या मजल्यावर राहतो! बोलायचंच नाही म्हटल्यावर माणूस चुकणार कुठे?

लिहिताना चुकलं.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही मलेशियाला जाणार होतो. पेनांग नावाचं बेट आहे, तिथे समुद्राकाठी एक जुनं शहर आहे. आईनं ही बातमी अख्ख्या मस्कतला सांगितली. त्यामुळे मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम बघणाऱ्या परांजपे काकूंचा फोन आलाच.

"ऋतुजा, मला प्रवासवर्णन हवं हं! तुझं अक्षर किती सुंदर आहे, लेखही सुंदरच होणार."

अक्षराचा आणि लेखाचा काय संबंध? पण मी "हो काकू" म्हणाले. मी सगळ्यांनाच "हो" म्हणते. बोलणं लवकर संपतं.

आता माझी खोड अशी, की दिलेला अभ्यास मी त्याच दिवशी करून टाकते. म्हणून प्रवासवर्णन मी प्रवासाच्या आधीच लिहिलं. हसू नका! म्हटलं, परत आल्यावर दोन ओळी इकडेतिकडे करू. इंटरनेटवर फोटो बघितले: टेकडीवर चढणारी ट्रेन, रात्री दिव्यांनी झगमगणारं देऊळ, भिंतींवर रंगवलेली मुलं, फुलं लावलेल्या सायकलरिक्षा. खरं वाटावं म्हणून 'ट्रेनमधून उतरताना आईला चक्कर आली' असंही घातलं.

आणि खाणं! तिथे लाक्सा नावाचा प्रकार मिळतो. फोटोत मला दिसलं ते असं: शेवया, अननस, काकडी, पुदिना आणि तांबूस रस्सा. त्यात चिंच असते, इतकं वाचलं. लगेच लिहिलं, 'लाक्सा म्हणजे चिंचेच्या आमटीतल्या शेवया. संपूर्ण शाकाहारी. आपल्या मंडळींनी निर्धास्त खाव्यात.'

निर्धास्त! वाक्यात शोभला म्हणून घातलेला शब्द.

आईनं न वाचता, मला न विचारता पानांचे फोटो काढून काकूंना पाठवून दिले. आम्ही नेमके कधी निघणार, हे काकूंना कुठे माहीत होतं? चार दिवसांनी बाबा ऑफिसमधून आले ते बूट न काढताच सोफ्यावर बसले.

"कॅन्सल. सोहारला प्लांटचं शटडाउन आहे. अर्बाब सुट्टी देत नाही." अर्बाब म्हणजे बाबांचा मालक.

"मग कधी जायचं?" आईनं विचारलं.

"पुढच्या वर्षी. इन्शाल्ला."

बाबांच्या तोंडून इन्शाल्ला आलं की समजायचं, खलास.

शेवटी आम्हीही बाबांबरोबर सोहारला गेलो. औद्योगिक वसाहतीजवळच्या कंपनी गेस्ट हाऊसमध्ये दहा दिवस काढले. स्थलदर्शन: खिडकीतून दिसणारी तीन धुराडी. स्थानिक खाद्यपदार्थ: केरळी आचाऱ्याचं सांबार. दहाही दिवस.

जाणार हे सांगायला आईला जोर आला होता, पण गेलो नाही हे सांगायला काही तो आला नाही. तिला वाटलं, लेख परत घेण्याचं मी बघेन. मला वाटलं, ती बघेल. तसा मी दोनदा फोन हातात घेतला होता. पण सुरुवात कशी करायची? 'काकू, मी न गेलेल्या गावाबद्दल...' ठेवून दिला.

दिवाळीत अंक आला. पान अकरा! बाबा चहा पिता पिता मोठ्यानं वाचायला लागले आणि आईच्या चक्करेपाशी आल्यावर तो नाकातला प्रकार झाला.

"मला?" आई ओरडली. "मला कशाला चक्कर आणलीस गं? काकूंना सांगितलं नाहीस तू?"

"सांगणार होते."

"जाऊ दे," बाबा नाक पुसत म्हणाले. "दिवाळी अंक कोण वाचतंय? सगळे फराळ खातात."

एका माणसानं वाचला. दुसऱ्याच दिवशी परांजपे काकूंचा फोन!

"ऋतुजा, आम्ही चाललो पेनांगला! नॅशनल डेच्या सुट्टीत. तुझ्या लेखाचं पान कापून पर्समध्ये ठेवलंय. बरं, त्या टेकडीच्या ट्रेनमध्ये कुठल्या बाजूला बसायचं गं?"

"उजव्या," मी म्हणाले. का? फोन उजव्या हातात होता.

मग मात्र मला घाम फुटला. निदान उरलेलं तरी खरं आहे का बघावं, म्हणून लाक्साचा एक व्हिडिओ लावला. त्यातल्या बाईंनी पहिल्याच मिनिटाला काय केलं माहितेय? पातेल्यात किलोभर बांगडे सोडले! शिजवले, काटे काढले, कुस्करून परत रश्श्यात टाकले. फोटोत दिसणार कुठून?

आमच्यासाठी ही चांगली बातमी होती. आम्ही मालवणकडचे, बांगड्याला नावं ठेवणार नाही. पण परांजपे काकू! केक बिनअंड्याचा असला तरी सुरी आधी धुऊन घेणाऱ्या काकू! उभ्या जन्मात त्यांनी मासळीबाजाराच्या बाजूनं गाडी नेऊ दिलेली नाही. आणि त्या माझ्या भरवशावर बांगड्याची आमटी निर्धास्त खाणार होत्या.

त्यांना सांगायलाच हवं होतं. पण मासा असतो म्हटलं, की विचारणार, मग तू कशी खाल्लीस? पुढे सगळंच बाहेर येणार. मी फोन लावला आणि आडून सुरुवात केली.

"काकू, तो लाक्सा खाऊ नका."

"का गं?"

"फार आंबट असतो."

"मला आंबट आवडतं."

"तिखटही असतो."

"अगं, माझं माहेर सोलापूरचं. तिखटाचं मला काय सांगतेस?"

"पोट बिघडतं."

"तुझं बिघडलं होतं?"

"नाही... आईचं."

"अगं बाई! म्हणून चक्कर आली का तिला? थांब, तिला आल्याचा रस पाठवते. आणि माझी काळजी करू नकोस, मी पाचक गोळ्या घेऊन चाललेय."

आल्याचा रस घेऊन काकू स्वतःच आल्या. तीन महिन्यांपूर्वी न आलेल्या चक्करेवर आईला तो काकूंच्या देखत प्यावा लागला. त्या रात्री माझ्याशी कुणी बोललं नाही.

काकू गेल्या. तिसऱ्या दिवशी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आला. हातात वाडगा, चेहऱ्यावर तेज, खाली लिहिलेलं, 'आमच्या ऋतुजाची आमटी! तिसरा वाडगा!! (ट्रेनच्या उजवीकडून नुसती झाडं दिसली.)' त्यावर अकरा अंगठे. मी उशीत तोंड खुपसलं.

काकू परत आल्या, आणि पाठोपाठ मार्गशीर्षातला गुरुवार आला. संध्याकाळी त्यांच्याकडे सात जणींना हळदीकुंकवाला बोलावणं होतं, त्यात आई. मला ओढून नेलं होतं. महालक्ष्मीची पूजा झाली, खिरीचा नैवेद्य झाला. सगळ्या दिवसभराच्या उपाशी. परांजपे काका कोपऱ्यात पेपर वाचत बसलेले. आणि काकू स्वयंपाकघरातून वाफाळता ट्रे घेऊन आल्या.

"आज उपवास सोडायला काय आहे, ओळखा! पेनांगची आमटी!"

देवीला आधीच खीर मिळाली होती, ती वाचली. पण या सात जणींचं काय? वाडगे हातोहात गेले. देशमुख काकूंनी चमचा भरला. तो वर निघाला. ओठांपाशी आला.

"थांबा!"

हा आवाज माझा होता. मलाही तो नवीन होता.

सात चमचे हवेत थांबले. आता थांबून उपयोग नव्हता, म्हणून मी डोळे मिटले आणि सगळं एका दमात सांगितलं. "आम्ही पेनांगला गेलोच नव्हतो आम्ही सोहारला होतो आईला चक्कर आलीच नाही मी फोटो बघून लिहिलं लाक्सात मासा असतो बांगडा असतो किलोभर!"

डोळे उघडले तेव्हा आईनं पदरानं तोंड झाकलं होतं आणि देशमुख काकूंचा वाडगा तिपाईवर गेला होता. परांजपे काकू मात्र चक्क हसत होत्या.

"वेडी कुठली! अगं, ही मी आपल्या मवालेहच्या मंडईतली चिंच आणून घरी केलीय. कांदा-लसूणसुद्धा नाही. यात कुठून येतोय मासा? खा गं सगळ्या."

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. चमचे पुन्हा हलायला लागले. मलाही वाटलं, सुटले बाई!

तेवढ्यात काकूंचं हसू हळूहळू थांबलं. त्यांनी हातातल्या वाडग्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"म्हणजे... तिथे मी जे तीन खाल्ले...?"

कोपऱ्यातला पेपर खाली आला. काकांनी कपाळाला हात लावला होता.

"ऋतुजा," ते म्हणाले, "मला त्या दुकानदारानं पहिल्याच वाडग्याला सांगितलं होतं गं. इतके दिवस तोंड मिटून बसलोय मी! रोज त्या आमटीची आठवण काढायची. किती सुखात होती बिचारी!"

काकू उठून आत गेल्या. आतून चूळ भरल्याचा आवाज आला. मग परत आला. मग येतच राहिला. पंधरा दिवसांपूर्वीच्या आमटीसाठी!

आता मंडळात कुणी नवीन आलं, की परांजपे काकू माझी ओळख करून देतात.

"ही ऋतुजा. अक्षर छान आहे, पण फार बोलते."