रडू न देणारा माणूस

औरंगाबादहून सिनेमावाले आमच्या करमाडला आले, तेव्हा मेलेल्या माणसाची बायको म्हणून त्यांनी मला उभं केलं. मी पदर तोंडाला लावून असा गळा काढला, की शेजारीण म्हणाली, "बया, हळू! मयत उठून बसंल." सगळे हसले.

डायरेक्टर तेवढा हसला नाही. त्याचं नाव मी काही विचारलं नाही. किडकिडीत माणूस. चुलीपाशी यायचा तर चपला काढून यायचा, उकिडवा बसायचा आणि हळू बोलायचा. माझ्या मोकळ्या कपाळाकडं बघत म्हणाला, "मावशी, सगळं तुम्हीच रडलात तर बघणाऱ्यानं काय करायचं? तुमच्या मालकांना दारात आणलं, तेव्हा तुम्ही खरंच काय केलं होतं?"

लाजेपायी मी हे कुणाला बोलले नव्हते. त्याला मात्र सांगून बसले. तव्यावर भाकरी होती. करपू नये म्हणून मी आधी ती उलटली, मग चुलीत पाणी ओतलं, आणि मग बाहेर गेले.

"बस, तेवढंच करा," तो म्हणाला.

केलं. एकदा नाय, सात वेळा केलं. कधी धूर नीट येईना, कधी माझा हात घाई करी. शेवटी त्याचेच डोळे भरले. माझे कोरडे होते.

लोक म्हणतात, सिनेमात ते लई चांगलं उतरलंय. असंल. पण आता ह्यांना आठवायला बसले की दारात दिसतो तो मयताचं सोंग घेतलेला नट. ह्यांचं तोंड काही केल्या दिसत नाही.