पाटीला हात लावणारी

संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला आमच्या बचत गटात नातीनं खेळ ठेवला. मोबाइलला नुसतं सांगायचं, तो चित्र काढून देतो म्हणं. तिनं एकेक सुविचार सांगून चित्रं काढून घेतली व्हती. बायांनी टीव्हीवर चित्र बघून सुविचार ओळखायचा. जिंकलेल्या बाईला स्टीलचा डबा.

माझी शाळा दुसरीतच सुटली. पण चित्राला कुठं अक्षर लागतं? मी पुढंच बसले.

धावता घोडा आला, दगडातून निघालेलं रोप आलं. बाया पटापट ओळखत व्हत्या. मग एक म्हातारी आली. डोक्यावर भाजीची पाटी, उंच डोंगरावर एकटीच उभी, तोंडभर हसती. सगळ्या माझ्याकडं बघाया लागल्या. नातीनं माझाच फोटो दिला व्हता मोबाइलला. हे चित्र मोठं छापून गटाच्या खोलीत लावायचं ठरलं व्हतं, खाली सुविचार लिहून.

"आजी, हे तू ओळख."

मी नीट बघितलं. म्हटलं, "हिला पाटी कुणी उचलून दिली, असं काय तरी असंल."

बाया हसल्या. शेजारीण म्हणली, "मावशी, हा सुविचार हाय का पोलिसाची चौकशी?"

नातीनं उत्तर वाचलं. ज्याला कुणाचा आधार लागत नाय तोच उंच जातो, असं व्हतं. टाळ्या पडल्या.

"खोटं हाय," मी म्हटलं. "हे माझ्या नावानं लावायचं नाय."

भरली पाटी एकटीनं डोक्यावर घेता येत नाय. एकीनं कापडाची चुंबळ डोक्यावर ठेवून वाकायचं, दुसरीनं हात लावायचा. मला माझी जाऊ हात लावायची. रोज पहाटे, मळ्याच्या बांधावर. धुतलेली कोथिंबीर, पाणी गळतंय, थंडीत दोघी भिजायचो. मग मी बाजाराला जायची आन ती माझी पोरं सांभाळायची. बाजारात मला सगळे ओळखायचे. तिला कोण ओळखणार?

एकदा ती तापानं पडली. मी म्हटलं, तिला कशाला उठवू. पाटी बांधावर ठेवली, खाली बसून डोक्यावर घेतली आन उठले. सहावा महिना व्हता. उठले तशी खाली बसले. ते पोर गेलं. पंधरा दिवसांनी मी परत पाटी भरली, तर ही बांधावर आधीच येऊन उभी. म्हणली, "परत एकटीनं उचललीस तर बघ." त्यावर आम्ही कधी बोललो नाय. ती गेली त्याला बरीच वर्षं झाली. घरात तिचा एक फोटो नाय.

एवढं मी त्या बायांना सांगितलं. कुणी हसलं नाय.

नात म्हणली, "आजी, छापायला उद्या द्यायचंय. दुसरा सुविचार टाकू का?"

"सुविचार ऱ्हाऊ दे. तिला काढ."

नातीनं मोबाइलला सांगितलं. त्यानं दुसरी बाई काढली, पण तिच्याबी डोक्यावर पाटी, तीबी हसती. मी म्हटलं, "तिचं डोकं रिकामं ठेव. दोन्ही हात माझ्या पाटीला. आन आम्हाला हसवू नको, पहाटे कोण हसतंय?" परत काढलं, तर हिला लांब उभी केली. मी म्हटलं, "परत सांग त्याला." बायांचा चहा झाला, तिळगूळ वाटून झाला. मी काय उठले नाय.

शेवटी आलं. मी वाकलेली, ती पाटी चढवतीय. चेहरा तिचा नव्हता. तो मोबाइलला कुठून ठावा असणार? पण उभी ऱ्हायली व्हती बरोबर.

नातीनं जवळ घेऊन बघितलं. "आजी, हिच्या हाताला सहा बोटं आलीत. परत काढते."

"नको," मी म्हटलं. "इतकी वर्षं तिचं एकबी बोट कुणाला दिसलं नव्हतं. हेच छाप."