डोळेकाकूंची लक्ष्मी

कारखान्यात लक्ष्मीच्या मूर्तीची साडी, दागिने, कमळ कुणीही रंगवो, डोळे मात्र डोळेकाकूच काढायच्या आणि तेही सगळ्यात शेवटी. गिऱ्हाईक आलं की त्यांचा प्रश्न ठरलेला, "ठेवणार कुठं? बघणार उभ्यानं की बसून?" मग मूर्ती तेवढ्या उंचीच्या फळीवर ठेवायची, आपण तसंच उभं राहायचं नाहीतर बसायचं आणि नजरेला नजर भिडेल अशी बुबुळं टेकवायची. एकदा एक ठेंगणा नवरा आणि ताडमाड बायको आली. काकू म्हणाल्या, "उंची कुणाची धरू?" नवरा म्हणाला, "हिचीच धरा. एरवी तरी घरात मला कोण बघतंय?" बायकोसकट सगळा कारखाना हसला.

मालकाला हा नसता घोळ वाटे. "काकू, लोकांना तिच्या हातातली नाणी हवीत. डोळ्यांचं काय घेऊन बसलात?"

"नाणी आज आहेत, उद्या नाहीत. आपण अगदीच वाऱ्यावर नाही, कुणाचं तरी आपल्यावर लक्ष आहे, एवढं ज्याला वाटलं त्याच्या घरी लक्ष्मी आली म्हणायची."

तीस वर्षं असं चाललं. मग काकूंच्याच डोळ्यांपुढं धुकं दाटायला लागलं. डॉक्टर म्हणाले, नस सुकलीय; आता चष्मा नाही नि ऑपरेशन नाही. काकूंनी ते गिळून टाकलं. माहीत फक्त सुनेला, ती शेजारीच बसून कमळं रंगवायची. काकू अंदाजानं कुंचला टेकवायच्या आणि हळूच विचारायच्या, "बघते का गं?"

"बघते की, आई," सून म्हणायची. काम सुटलं तर सासूबाई अंथरूण धरतील, ही तिची धास्ती.

पण खोट्याला किती दिवस टेकू लावणार? एके दिवशी एक निवृत्त मास्तर मूर्ती परत घेऊन आले. कमरेत वाकलेले, घरी एकटे. मूर्ती टेबलावर ठेवून ते खुर्चीत टेकले.

"बाई, तक्रार नाही माझी. पण ही माझ्या डोक्यावरून बघते. सगळेच तसे बघतात, म्हणून तर हिला नेली होती."

बोलून मास्तर उठले आणि दाराशी जाऊन उभे राहिले. काकू मात्र त्या रिकाम्या खुर्चीला हात जोडून माफी मागत राहिल्या. मालकानं ते पाहिलं आणि त्याला काय ते उमगलं. माणूस वाईट नव्हता. खाली मान घालून म्हणाला, "काकू, उद्यापासून घरी आराम करा. डोळे आता छापील चिकटवू."

काकू मूर्ती घरी घेऊन आल्या. तिच्यापुढं बसल्या, उठल्या, स्टुलावर बसल्या, डावीकडं सरकल्या. "आता बघते? आणि आता?"

पाचव्यांदा सुनेला राहवेना. "आई, ती कुणाकडंच बघत नाही."

काकूंनी भुईवरच बसकण मारली. मग विचारलं, "आणि मास्तर? ते गेले तेव्हा त्यांच्याकडं तरी कुणी बघितलं का गं?"

सून आठवत राहिली. मास्तर दारातून कधी निघून गेले, ते तिनंही पाहिलं नव्हतं.