कनारन माशांची पेज

वाचनालयाच्या वार्षिक पुस्तकासाठी गावातल्या कुणाबद्दल तरी लिहा, असं पोरांनी सांगितलं तेव्हा मी नको नको म्हणत होतो. आयुष्यभर छापखाना चालवला. दुसऱ्यांचं लिहिलेलं खिळे जुळवून छापायचं, एवढंच मला येतं. पण कनारन माशांबद्दल (आमच्याकडे मास्तरांना माश म्हणतात) लिहायला भीती वाटत नाही. ते वाचून रागावणार नाहीत, आणि रागावलेच तर माझ्याकडे येताना नक्की वाट चुकतील.

किनाऱ्याजवळच्या कॉलेजात माशांनी निवृत्त होईपर्यंत भूगोल शिकवला. कुणी वाट विचारली की डावीकडे-उजवीकडे असं ते कधी सांगत नाहीत. "थोडं ईशान्येला जा," असं सांगतात. स्वतः मात्र जवळच्या वडकरा शहरात भाचीच्या लग्नाला गेले, शेजारच्या हॉलमधल्या भलत्याच लग्नात जेवले आणि परत आले. "पायसम झकास होतं," म्हणाले. बस लागते म्हणून ते कोळिकोडच्या पलीकडे गेलेले नाहीत.

कम्प्युटरवर नकाशे करण्याची विद्या त्यांच्या कॉलेजात आली तेव्हा त्यांनी माउस उचलून पडद्यालाच टेकवला, असं पोरं सांगतात. मी पाहिलेलं नाही. पण एक गोष्ट माशांना सगळ्यांच्या आधी कळली. या विद्येची माणसं दरवर्षी कुठे ना कुठे परिषदेला जमतात, आपापले नकाशे एकमेकांना दाखवतात, आणि जो विद्यार्थी तिथे एकदा जाऊन येतो तो पुन्हा पहिल्यासारखा राहत नाही. म्हणून दरवर्षी एखाद्या पोराच्या भाड्यासाठी माश काखेत छत्री मारून दारोदार फिरायचे. बँकेत, सोसायटीत, देवळाच्या कमिटीत. सोन्याच्या दुकानाने एकदा भाड्याऐवजी कॅलेंडरांचा गठ्ठा दिला. तोही त्यांनी घरी आणला.

निवृत्त झाल्यावरही हा नाद सुटला नाही. त्या वर्षी जिस्नाची निवड झाली. जिस्ना म्हणजे रिक्षावाल्या राजनची मुलगी. फोन घेऊन ती गावातल्या प्रत्येक विहिरीत डोकावून गेली होती आणि कुठल्या विहिरीचं पाणी कुठल्या महिन्यात खारट होतं, याचा नकाशा तिने कम्प्युटरवर केला होता. तो नकाशा बँकॉकच्या परिषदेत मांडायला तिला बोलावणं आलं.

मोयदूच्या चहाच्या दुकानात माशांनी ही बातमी सांगितली तेव्हा मी कोपऱ्यातल्या बाकावर होतो. चात्तू दुबईत बावीस वर्षं काढून आलेला, त्यामुळे परदेशाचा विषय निघाला की पहिला मान त्याचा.

"बँकॉक? तिथे आपलं कोण आहे? दुबईला पाठवा, माझा मेहुणा विमानतळावर येईल."

"अरे, परिषद बँकॉकला आहे," माश म्हणाले.

"पगार किती?"

"पगार नाही रे. पंधरा मिनिटं बोलायचं, नकाशा दाखवायचा, परत यायचं."

"पंधरा मिनिटं! दुबईत बावीस वर्षांत माझं कुणी पंधरा मिनिटं ऐकलं नाही."

"इथेही ऐकत नाही," मोयदू चहा ओतता ओतता म्हणाला. "पण माशे, बोलावलंय त्यांनी, तर भाडंही त्यांनीच द्यायला नको का?"

"देणार आहेत. पण परत आल्यावर. आधी आपण तिकीट काढायचं, मग ते त्यांना दाखवायचं."

"म्हणजे आधी चहा प्यायचा आणि मग दूध आणायला जायचं!"

सगळे हसले. माश हसले नाहीत. त्या आठवड्यात तिकीट निघालं नाही तर जिस्नाची जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती, आणि राजनची रिक्षा आधीच बँकेची होती. चहा अर्धा टाकून माश म्हणाले, "मी पयट्टू करतो."



गावात नवीन सून आली की तिला पयट्टू काय ते समजावून द्यावं लागतं. ज्याला नड असते तो माझ्याकडून पत्रिका छापून घेतो आणि चहाच्या दुकानात चहापान ठेवतो. गाव येतं, चहा पितं, जमेल तेवढे पैसे देतं. मग जे आले त्यांच्या त्यांच्या चहापानाला यानेही जायचं आणि घेतलं त्याहून थोडं जास्त द्यायचं. माश गावातल्या प्रत्येकाच्या पयट्टूला गेले होते, प्रत्येकाला दिलं होतं, पण स्वतःचा कधी मांडला नव्हता. तो त्यांनी घराच्या छपरासाठी राखून ठेवलाय, असं सगळं गाव धरून चाललं होतं. त्यांचं कौलारू छप्पर इतकं गळतं की नारायणी, त्यांची बायको, कुठल्या खोलीत कुठलं पातेलं ठेवायचं हे डोळे मिटून सांगेल.

"छपराचं काय?" चात्तूने विचारलं.

"छप्पर कुठे पळतंय?"

"ते पळत नाही माशे, ते पडतं. आणि हा कर्कटक महिना चाललाय. या महिन्यात माणूस कुंपणाची काठीसुद्धा नवी रोवत नाही. कर्कटकात पयट्टू कधी कुणी ऐकलाय? मी तरी येणार नाही, आत्ताच सांगतो."

माशांनी माझ्याकडे पाहिलं. मीही मान खाली घातली. कर्कटक म्हणजे भर पावसाचा, अशुभ महिना; त्यात मी पत्रिका छापत नाही. यंत्राला तेल घालून झाकून ठेवतो.

माश उठले तेव्हा छत्री विसरले. ती द्यायला मी त्यांच्या मागोमाग घरापर्यंत गेलो. भर पावसात ते माझ्याआधी निघूनही माझ्यानंतर पोहोचले. तोवर नारायणीला मीच सगळं सांगून टाकलं होतं. ती चुलीपुढे बसून कर्कटकाची पेज ढवळत होती. लाल तांदूळ, मेथी, कसकसली मुळं, पाला. वास घेतला तरी तब्येत सुधारावी अशी पेज.

"माझं छप्पर विकून आलात म्हणे," ती माशांना म्हणाली.

"विकलं कुठे? लोक येणारच नाहीत म्हणतात. कर्कटकात चहापान चालत नाही."

नारायणीने डाव पातेल्यावर आपटला. "मग चहा पाजू नका! कर्कटकात पेज प्यायला कुणाची मनाई आहे? ती तर या महिन्यात घरोघरी प्यायचीच असते. पेज प्यायला बोलवा. कुणी जाताना काही ठेवून गेलं, तर त्याला काय आपण हाकलून देणार?"

माश वर कौलांकडे बघत म्हणाले, "नारायणी, पण छप्पर..."

"पातेली आहेत अजून. या नाणूएट्टनना यंत्र उघडायला सांगा," माझ्याकडे डाव दाखवत ती म्हणाली.

मी यंत्र उघडलं. मजकुरात माशांना उपग्रह, अक्षांश आणि पृथ्वीचा आकार घालायचा होता. मी एवढंच ठेवलं: 'रविवारी मोयदूच्या दुकानात औषधी पेज. अवश्य यावे. कनारन.'

रविवारी मोयदूने टेबलं पुसून ठेवली. नारायणीने दोन मोठी पातेली आणली. घरातली सगळी चांगली भांडी गळतीखाली गुंतलेली, म्हणून ही उसनी. माश पांढरं मुंडू नेसून दाराशी बसले. जिस्ना वाट्या मांडत होती आणि दर थोड्या वेळाने रस्त्याकडे बघत होती. राजन रिक्षातच बसून राहिला. उतरून आत यायचं त्याला धाडस होत नव्हतं.

कुणी येईना.

म्हणजे आले होते सगळे. पण समोर, रेशनच्या दुकानाच्या वळचणीला, छत्र्या उघडून उभे होते. कर्कटकातला नियम आपण पहिला मोडायचा, याला कुणी तयार नव्हतं. पेजेवर साय धरू लागली. माश छत्रीच्या मुठीवरची धूळ पुसत होते. धूळ नव्हती.

"माशे, राहू द्या," जिस्ना हळूच म्हणाली. "पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी विहिरी कुठे तशाच राहणार आहेत?" माश म्हणाले, पण आवाज बारीक झाला होता.

तेवढ्यात छत्र्यांच्या गर्दीतून एक छत्री सुटली. चात्तू. रस्ता ओलांडताना तो अचानक लंगडायला लागला. दुकानात येऊन मोठ्याने, समोरच्या वळचणीला ऐकू जाईल असं म्हणाला, "मोयदू, पेज आण. पयट्टूबियट्टू मला ठाऊक नाही. गुडघ्याला वैद्याने सांगितलीय."

"कुठला गुडघा?"

"डावा."

"लंगडत तर उजव्याने आलास."

"दोन्हीला सांगितलीय! आण तू."

वाटी एका दमात संपवून त्याने तोंड वेडंवाकडं केलं आणि पाकीट माशांच्या हातात कोंबलं. "हे पेजेचे पैसे," तो म्हणाला. पाकीट चांगलंच जाड होतं.

मग काय, रस्त्यावर आजाऱ्यांची रांग लागली. कुणाची कंबर, कुणाचं पित्त, कुणाचा जुना खोकला. पोक्करक्काला काहीच आजार सापडेना, तर तो म्हणाला, "मी बायकोच्या वतीने आलोय, तिला वात आहे." इतकं आजारी गाव मी कधी पाहिलं नव्हतं. मी पाठदुखी सांगितली. ती खरी होती, पण कुणाचा विश्वास बसला नाही. पेज अतिशय कडू होती. दोन वाट्या मागणारा एकच निघाला, राजन. शेवटी आत आला तो मान खाली घालून पीतच राहिला.

तिकीट निघालं. जिस्ना बँकॉकला गेली, नकाशा दाखवला. तिकडच्या एका बाईंनी विचारलं, इतक्या लोकांनी तुला आपल्या विहिरीत डोकावू कसं दिलं? जिस्ना म्हणाली, डोकावू दिलं, वर तिकीटही काढून दिलं. चात्तूने ही गोष्ट दुकानात इतक्यांदा सांगितली की आता ते वाक्य त्याचंच वाटतं.

ओणम झाल्यावर परिषदेकडून भाड्याचे पैसे आले. माशांच्या डोक्यात तेव्हा परिषदेला पाठवायचा पुढचा मुलगा घोळत होता, म्हणून जिस्नाने अक्कल लढवली. माश वडकऱ्याला गेले, म्हणजे उन्हं कलल्याशिवाय परतणार नाहीत, हे बघून तिने पैसे नारायणीच्या हातात ठेवले. माश आले तर छपरावर सुतार, अंगणात नवी कौलं.

"अगं, त्यात एक पोरगा डेहराडूनला जाऊन आला असता!"

"जाईल की. कर्कटकात पेज करू," नारायणी म्हणाली. ती पातेली घासून फळीवर पालथी घालत होती. "या वेळी भांडीसुद्धा घरचीच आहेत."

माश वर बघून सुतारांना सांगू लागले, पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, तिकडची बाजू नीट बसवा. सुतारांनी विचारलं, ती कुठली बाजू? माशांनी हात केला. नारायणीने तो धरून दुसरीकडे वळवला.