मेंढ्यांच्या जाळीवरची माळ

दिवेलागणीला मी आईला फोन करते.

"लागली का?"

"लागली."

बहुतेक दिवशी एवढंच. कधी ती सांगते की करड्या मेंढीनं चारा सोडलाय, कधी मी सांगते की दौंडला आज पाणी आलं नाही. मग फोन ठेवतो. मी चहा टाकते, एक कप.

लागली म्हणजे लायटिंगची माळ. गणपतीला, दिवाळीला लोक लावतात तीच, बारीक पिवळ्या बल्बांची. आमच्याकडं ती बारा महिने लावतात, आणि देवापुढं नाही, मेंढ्या कोंडायच्या जाळीला. शिरूर तालुक्यात कालवा आला तसा ऊस आला आणि उसाबरोबर बिबट्या आला. आता तो उसातच जन्मतो, उसातच वाढतो. माझे वडील मेंढरं घेऊन गावोगाव फिरायचे, तेव्हा मुक्कामाच्या तळाच्या चारी कोपऱ्यांना शेकोटी पेटवायचे. पुढं जमीन झाली, वस्ती झाली, कळप कमी झाला. वडील गेले तेव्हा आईनं उरलेल्या चार मेंढ्या विकल्या नाहीत. शेकोटीच्या जागी तिनं माळ लावली. जनावर उजेडाला बुजतं, एवढा त्यामागचा हिशोब.

मी आमच्या भावकीतली पहिली पदवीधर. बी.एस्सी., विषय फिजिक्स. हे सांगताना मी आवाज खाली करत नाही, कारण ते सहज मिळालेलं नाही. माझ्या आधीच्या पिढीत कुणी शाळेचा उंबरा नीट ओलांडला नव्हता. दौंडच्या एका कॉलेजात मी प्रयोगशाळेत काम करते. लग्न झालं नाही. जातीत माझ्याइतका शिकलेला मुलगा मिळाला नाही आणि जातीबाहेर द्यायला घरचे तयार नव्हते. हा विषय इथंच संपला. भाड्याची एक खोली आहे, गॅलरीतून रेल्वेचे सिग्नल दिसतात.

आई निमोण्याच्या पुढं शेतातल्या वस्तीवर एकटी. मी दौंडला एकटी. मधे दीड-दोन तासांचा रस्ता, तोही गाड्या वेळेवर मिळाल्या तर.

माळेचं दुसरं एक काम आहे. कालव्याच्या पलीकडं आप्पांची वस्ती आहे. आप्पा वडिलांचे जोडीदार, दोघांनी मिळून मेंढरं राखलेली. त्या फिरतीच्या दिवसांत तळ लांब लांब पडायचे, तेव्हा अंधार पडला की एका तळावरून कंदील वर धरायचे, दुसऱ्या तळावरून तसाच कंदील दिसला की सगळे जागेवर आहेत असं समजायचं. नाही दिसला तर माणूस धाडायचा. आप्पांच्या अंगात ती सवय अजून आहे. संध्याकाळी ते ओट्यावर बसतात आणि आमच्या वस्तीकडं बघतात. माळ दिसली की उठून जेवायला जातात. वीज गेली तर दोन्ही वस्त्यांची जाते, कारण दोघांची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, एकच. म्हणून आप्पांकडं लाईट आहे आणि आमच्याकडं अंधार आहे, असं झालं तरच काळजी करायची. हे कुणी बसून ठरवलेलं नाही. पण याच भरवशावर मी आईला तिथं ठेवलं होतं.

एका थंडीत तो भरवसा मोडला. कॉलेजात प्रॅक्टिकल परीक्षा चालू होत्या, घरी यायला उशीर झालेला. आईला फोन लावला, उचलला नाही. तिचा फोन कायम कोनाड्यात असतो आणि ती कायम बाहेर, म्हणून मी फार मनावर घेतलं नाही. तेवढ्यात आप्पांचाच फोन.

"बाय, तुमची माळ दिसंना."

"लाईट गेली असंल आप्पा."

"आमची हाय की. टीवी चालू हाय."

मी काढलेली चप्पल पुन्हा पायात घातली.

"म्या जातो बघाया," आप्पा म्हणाले. "पर उसातनं न्हाई जाता यायचं. परवा तिथंच कुत्रं नेलंय त्यानं. ट्रॅक्टर काढाया लावतो, पुलावरनं फिरून जावं लागंल. तू घाबरू नगंस."

घाबरू नगंस म्हटल्यावर माणूस काय करतं? मी पर्स घेतली आणि स्टँडवर गेले. आमच्या वाटेवरच्या न्हावऱ्याकडं जाणारी गाडी नव्हती. चौकशीच्या खिडकीतला माणूस म्हणाला, "मॅडम, आता सकाळीच." बाकावर एक कुटुंब बसलं होतं, पोरं कुरकुरे खात होती. मी खांबाला टेकून उभी राहिले, हातात फोन धरून. आई खाटेवर पडलेली दिसायची, विहिरीकाठी दिसायची, जाळीपाशी दिसायची. एवढ्या माणसांत मला "काय झालं हो?" असं विचारणारं कुणी नव्हतं, आणि विचारलं असतं तरी सांगणार काय? माझ्या घरची लायटिंगची माळ बंद पडली आहे, म्हणून?

फोन वाजला.

"काय गं, ह्या म्हाताऱ्याला कशापायी पळीवलंस?" आईचा आवाज. चांगला खणखणीत.

"तू कुठं होतीस?"

"कुठं जाती? जाळीत बसले हुते. एक बलब गेला, समदी माळ गेली. पिन काढलीया आन् चाचपून बघतीया कंचा गेलाय त्यो. काठी हाय की संगं."

"अंधारात? जाळीत?"

"मग मेंढरांला सांगू का, बसा एकली, म्या घरात जाऊन झोपते?"

मागून आप्पा ओरडले, "वहिनी, सांगा तिला, डिझेल जाळलंय आमचं! आता चहा पाजल्याबिगर जायाचो न्हाई!"

आणि दोघं हसली. दौंडच्या स्टँडवर मला मात्र हसू येत नव्हतं. खोलीवर परत येताना मी ठरवून टाकलं. मेंढ्या विकायच्या आणि आईला दौंडला आणायचं. रविवारी जायचं ते हेच सांगायला.

रविवारी गेले. आईनं पिठलं-भाकरी केली होती. मी आल्या आल्या बोलले नाही, जेवण झाल्यावर बोलू म्हटलं. तोवर माळ बघावी म्हणून खाली उतरवली आणि अंगणात पसरली.

माळेला जागोजागी काळी चिकटपट्टी होती, गाठ मारलेल्या दोरीसारखी.

"हे काय केलंस?"

"बलब गेला की काढून टाकते आन् वायरी जोडते. दातानं सोलते. लगी चालू व्हती."

हे मला नवीन नव्हतं. आमच्या भागात सगळे हेच करतात, मांडवाचं काम करणारेसुद्धा. या माळेत वीज एका बल्बातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाते. एक गेला की वाट तुटते आणि सगळे विझतात. गेलेला काढून वायर जोडली की माळ पेटते. पण मग तेवढीच वीज उरलेल्या थोड्या बल्बांवर येते. ते जास्त झगझगतात आणि लवकर जळतात. पुन्हा एक काढायचा, पुन्हा जोडायचं. आईची माळ गेलं वर्षभर दर थोड्या दिवसांनी का जात होती, ते चिकटपट्ट्या बघूनच कळलं.

"आये, अगं दहा जणींचं ओझं सात जणींच्या डोक्यावर दिलंस तर त्या किती दिवस चालतील?"

"पर उजेड बघ की कसा पडतो! पहिल्यापरीस लख्ख. आप्पा म्हनत हुतं, वहिनी, नवी माळ आणली व्हय?"

"लख्ख पडतो कारण ते बल्ब मरायला टेकलेत."

मला शब्द जास्त कडक गेल्यासारखा वाटला, पण खरं तेच होतं. आणि बोलायचं होतं ते आता निघालंच म्हणून मी पुढं बोलले. मेंढ्या विक. माझ्याकडं चल. खोली लहान आहे, मोठी बघू. खाली बाजार आहे, दवाखाना आहे.

"आन् करू काय तिथं?"

"बस. टीव्ही बघ."

"आन् तू?"

"मी कॉलेजला जाईन."

"म्हंजी तू जानार आन् म्या दार लावून बसनार." तिनं ताटं उचलली. "हितं दार उघडं असतंय."

मी म्हटलं, मग निदान नवी माळ लाव. मागं एका दिवाळीला मी एलईडीची आणली होती, तिचं काय झालं? तिनं कोंबड्यांच्या खुराड्याकडं बोट केलं. माळ वर गुंडाळून टाकली होती.

"तिच्यातली पार मागली बाजू गेली हुती. उसाकडली. म्हाईत बी न्हाई किती दिस झालं हुतं. म्होरली बाजू पेटायची, आप्पाला दिसायची, त्यो खुशाल जेवाया जायाचा. मागं मेंढरं अंधारात." ती ताट घासायला बसली आणि राखेचा हात तसाच धरून म्हणाली, "ह्या जुन्या माळंत एक गेला तर समदी जात्यात. कळतंय तरी. तुझ्या नव्या माळंत एक मेला तर शेजारच्याला पत्ता न्हाई, त्यो आपला पेटलाय."

तिनं ते माळेबद्दलच म्हटलं होतं. त्यात माझी खोली, माझा जिना, समोरच्या दारातले लोक ज्यांचं आडनावही मला पाटीवरूनच माहीत आहे, हे सगळं मी आणलं. तिनं नाही. मी नळाला हात धुतले आणि माळ गुंडाळून पिशवीत भरली.

"कुठं नेतीस?"

"दुरुस्त करून आणते. तोवर खुराड्यावरची लाव, पेटतो तेवढाच भाग दोन्हीकडं फिरवून, आणि उसाची बाजू रोज बघ."

दौंडच्या बाजारात तसे बल्ब मिळाले नाहीत. एक दुकानदार म्हणाला, "मॅडम, रिपेअर कोण करतंय आता? टाका न् नवी घ्या." शेवटी कॉलेजच्या अडगळीत गॅदरिंगची एक जुनी माळ सापडली, उंदरांनी मधे कुरतडलेली. प्राचार्यांना विचारून घेतली. ती पण पिवळीच, त्याच जातीची. कॉलेज सुटल्यावर टेबलावर दोन्ही माळा पसरल्या. आईची प्रत्येक चिकटपट्टी सोलली, प्रत्येक जोड कापला, आणि तिथं दुसऱ्या माळेतला बल्ब होल्डरसकट सोल्डर करून बसवला. एका बाजूनं टेस्टर लावत गेलं की जिथं तो पेटायचा थांबतो तिथं वाट तुटलेली असते, ते बघून सैल बल्ब घट्ट केले. काही जोडांच्या वायरीवर बारीक दातांच्या खुणा होत्या. आईला पुढचे दोनच दात राहिलेत. त्या वायरी मी कापल्या आणि का कोण जाणे, कचऱ्यात लगेच टाकल्या नाहीत.

पुढच्या रविवारी दिवेलागणीला माळ जाळीवर चढवली. पिन लावली. सगळी पेटली, पण शांत. पिवळसर, पहिल्यापेक्षा मंद.

आईचं तोंड उतरलं. "मंद केलीस की गं."

"ही तिची खरी चाल आहे. आता टिकेल."

"टिकून काय करू, कालव्यापलीकडं दिसाया नगं?"

ते मात्र मला सुचलं नव्हतं. माझं सगळं गणित बल्ब किती दिवस जगतील याचं होतं. ते दिसतील का, हा प्रश्न त्यात आलाच नव्हता, आणि आई इथं राहणार की नाही, ते आता त्याच्यावर होतं. मी आप्पांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"आप्पा, ओट्यावर या. दिसतीय का?"

चपला सरकल्याचा आवाज आला. आई जाळीची खुंटी धरून उभी होती, फोनकडं बघत.

"थांब, डोळं पुसूंदे… व्हय. दिसतीय." मग म्हणाले, "पिवळी दिसतीय गं. आमच्या कंदिलासारखी."

आईनं खुंटी सोडली. "मग काय तर," ती मोठ्यानं म्हणाली, जशी ती कालव्यापलीकडंच हाक मारत होती. "पोरीनं केलीया. शिकल्याली हाय ती."

आईला न्यायला म्हणून गेले होते, माळ बसवून आले. मेंढ्या आहेत तिथंच आहेत. उरलेले बल्ब एका श्रीखंडाच्या डब्यात भरून तिच्या कोनाड्यात ठेवले, फोनशेजारी. जुना काढून नवा कसा दाबायचा ते तिला दाखवलं. डबा संपल्यावर काय करायचं, ते मला माहीत नाही. तसे बल्ब आता कुठंच मिळत नाहीत.

रोजचा फोन चालू आहे. मधे एकदा मात्र वेगळं झालं. मी कॉलेजातून येऊन तशीच खाटेवर बसले होते, अंगात कणकण होती, दिवा लावायचा कंटाळा आला होता. बसल्या बसल्या फोन केला.

"लागली का?"

"लागली," आई म्हणाली. आणि फोन ठेवायचा सोडून विचारलं, "तुझी?"

मला क्षणभर कळलं नाही.

"तुझी लागली का गं?"

मी उठले. भिंत चाचपत बटण शोधलं आणि दाबलं. ट्यूब दोनदा लुकलुकली.

"लागली," मी म्हटलं.