बाराव्या भागाच्या आधी

कांबळे काकांचा फोन सकाळी सातच्या सुमाराला आला. “पोरी, तुझी आत्या गेली,” एवढं म्हणून ते थांबले. मी पुण्याच्या घरात ओट्यापाशी उभी होते, दूध उतू गेलं तरी हलले नाही... आणि मग त्यांनी विचारलं, “बारावा भाग आला का गं?” मला राग आला, खोटं कशाला बोलू? माणूस गेलंय आणि ह्यांना पुस्तकाचं पडलंय! कोल्हापूरच्या गाडीत मी तो राग कवटाळून बसले होते. कऱ्हाड मागे पडल्यावर लक्षात आलं, तो प्रश्न काकांचा नव्हताच. गेले दोन महिने आत्या मला रोज फोनवर हेच विचारत होती.

मालनआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. मुलींच्या शाळेत गणित शिकवायची, लग्न केलं नव्हतं, राजारामपुरीतल्या आमच्या घरी वरच्या खोलीत राहायची. तिच्या कॅसेटींवर सुवाच्य अक्षरात ‘बीजगणित १’, ‘बीजगणित २’ असं लिहिलेलं असे आणि आत असायचं रॉक. हॉस्टेलमधल्या एका मैत्रिणीनं लावलेलं हे वेड तिनं हेडफोन लावून जपलं होतं. पोरगी धडे ऐकते, असंच आजोबांना शेवटपर्यंत वाटत राहिलं. मग एका वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनात ऐनवेळी अॅम्प्लिफायर बंद पडला. मंगळवार पेठेत दुरुस्तीचं दुकान असलेले दिनकर कांबळे आले, त्यांनी तो उघडला, सांधला आणि चाचणीसाठी खिशातली रॉकची कॅसेट लावली. पडद्यामागून आत्या म्हणाली, “बंद करू नका. गिटारचा सोलो व्हायचाय अजून.” काकांनी वळून पाहिलं. त्यानंतर वीस वर्षं, दर शनिवारी शाळा सुटली की आत्या त्यांच्या दुकानात एक रेडिओ दुरुस्तीला न्यायची. त्या रेडिओला कधीही काहीही झालेलं नव्हतं.

पुढे कुणीच काही बोललं नाही. ती ‘कांबळे’ म्हणायची, ते ‘बाई’ म्हणायचे. ती निवृत्त झाली तेव्हा मी तिला एका जपानी चित्रकादंबरीचा, म्हणजे मांगाचा, इंग्रजीतला पहिला भाग दिला. बेकरीत काम करणारी एक मुलगी आणि एक पोस्टमन, दोघंही रॉकवेडे. पाव घेताना तो गाण्याचं नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवतो, दुसऱ्या दिवशी तिची चिठ्ठी पावाच्या पुडीत असते. बस, एवढंच. भागामागून भाग एवढंच! दोन दिवसांनी आत्याचा फोन. “ही कसली प्रेमकथा गं? पहिल्या पानावर दोघं एका बाकावर बसून गाणं ऐकतायत आणि शेवटच्या पानावर साधी ओळखसुद्धा न्हाय. माणसं एकमेकाला विसरत चाललीत की!” मला काही कळेना. शनिवारी काकांनी पुस्तक हातात घेतलं, दोन्हीकडून उघडून पाहिलं आणि हळूच म्हणाले, “बाई, तुम्ही शेवटाकडनं आत शिरलाय. हे जपानी पुस्तक, उजवीकडनं वाचायचं असतंय.” अख्ख्या शाळेला पायऱ्या लिहायला लावणारी बाई उत्तराकडून प्रश्नाकडे गेली होती. तिनं तो भाग परत पहिल्यापासून वाचला आणि मग व्यसनच लागलं.

मी पुण्याहून एकेक भाग पाठवायची. आधी आत्या वाचायची, हातात लाल पेन्सिल घेऊन. समासात शेरे असायचे: ‘पायरी गाळली’, ‘वेळ वाया’, ‘ह्या मुलीला अक्कल आहे, मुलाला नाही’. मग पुस्तक दुकानात जायचं. काका इंग्रजी सावकाश वाचत आणि साध्या पेन्सिलीनं खाली लिहीत: ‘ह्या गिटारला असला अॅम्प चालत न्हाय.’ भाग आठ-नऊपर्यंत शेऱ्यांना उत्तरं आणि उत्तरांना प्रत्युत्तरं येऊ लागली. कधीकधी मूळ गोष्टीपेक्षा समासच मला जास्त वाचावासा वाटे.

दहाव्या भागाच्या वेळी आत्याचं दुखणं कळलं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही आणि तिनंही ठेवू दिला नाही. अकराव्या भागात ती बेकरीवाली मनातलं सगळं लिहिलेली चिठ्ठी अॅप्रनच्या खिशात घालून फिरते आणि शेवटपर्यंत देत नाही. मी तेव्हा कोल्हापुरातच होते. आत्यानं पुस्तक पलंगावर आपटलं. “अकरा भाग झाले. एक वाक्य बोलवत न्हाय हिला?”

“आणि तुला गं?” मी विचारलं.

पुस्तक परत हातात घेऊन ती म्हणाली, “मीपण उलटंच वाचत आले बघ. आधी शेवट बघितला, घाबरले, आणि सुरुवातच केली न्हाय.” उठली, साडी बदलली, जिना उतरली. खाली बाबा चहा पीत होते.

“मी कांबळ्यांशी लग्न करणार हाय. त्यांना अजून विचारलं न्हाय, आता निघालेय.”

“ह्या वयात, आक्का?”

“वयाचं बोलतोयस की आडनावाचं?”

आमच्या घरात हे आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. काका बौद्ध, आम्ही कोण ते सांगायला नको, आणि घरातलं एकेक माणूस वीस वर्षं त्या रेडिओविषयी न बोलण्यात पटाईत झालं होतं. मीही त्यांतलीच, हे कबूल करायला हवं. बाबांनी कप खाली ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसले. आत्या आणि मी रिक्षानं निघालो.

काका दुकानात तारांना सोल्डरिंग करत होते. आत्या दारातूनच म्हणाली, “कांबळे, लग्न करूया का?” त्यांनी आधी सोल्डरगनचं बटण बंद केलं, हात पुसले. “मला वाटलं, रेडिओ घेऊन आलाय.” मग म्हणाले, “व्हय. करूया की.” आणि बाकावर दुरुस्तीला आलेल्या मंडळाच्या भल्यामोठ्या अॅम्पवर त्यांनी रॉकची कॅसेट पूर्ण आवाजात सोडली. समोरचा चपलांचा दुकानदार बाहेर येऊन बघायला लागला. आत्या स्टुलावर बसून मान हलवत होती, आणि मी तिला इतकी खूश त्याआधी कधीच पाहिली नव्हती.

नोंदणी कार्यालयात नोटीस लावल्यापासूनचे तीस दिवस तिनं औषधांच्या वेळापत्रकाशेजारी भिंतीवर खडूनं मोजले. साक्षीदार तीन लागतात. मी होते, मुरगूडहून काकांची बहीण आली होती आणि तिसऱ्यासाठी आम्ही दुकानासमोरच्या चपलावाल्यांना बसवून ठेवलं होतं. आमचं नाव पुकारलं तेव्हा बाबा आत आले, स्वतःचं पेन उघडून. “सही कुठं करायची, आक्का?” तिनं बोट ठेवून जागा दाखवली, शाळेत दाखवायची तशी. चपलावाले उठून पेढे वाटायला लागले.

त्यानंतर ती सात महिने जगली, दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत. हेडफोन कायमचे खुंटीला गेले.

तिला जाऊन पाच आठवडे झाले. गेल्या शनिवारी मी बारावा, शेवटचा भाग घेऊन दुकानात गेले. काकांनी तो उजवीकडून उघडला आणि आत्याच्या स्टुलासमोर बसून मोठ्यानं वाचू लागले, ओळीखाली बोट धरून, अडखळत. दुपार सरत आली तेव्हा शेवटून तिसऱ्या पानावर त्या मुलीनं एकदाची चिठ्ठी दिली. काका थांबले. चष्मा पुसला. मग खणातून आत्याची लाल पेन्सिल काढून समासात लिहिलं, ‘आम्ही आधी’, आणि बाई करायच्या तशी बरोबरची खूण केली.