अण्णांचं खरं वय

"पेशंटचं वय?" डॉक्टरांनी एवढंच विचारलं, आणि आम्ही दोघं बहीणभाऊ एकदमच बोललो. मी म्हणाले एकाहत्तर, भाऊ म्हणाला एक्याऐंशी. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि आमच्याकडं आळीपाळीनं बघत राहिले.

वडिलांच्या, म्हणजे आमच्या अण्णांच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा तलवाड्याला घरी ते चार दिवस ओवा चावत बसले होते. म्हणे गॅस हाय. शेवटी बीडला आणलं, नळी घालून तपासलं, तर हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या तुंबलेल्या. वय विचारणारे ते मोठे सर्जन आठवड्यातून एकदा बाहेरून यायचे. त्यांनी स्पष्टच सांगितलं, "सत्तरीचे असतील तर मी म्हणेन बायपास करा, उद्याच संभाजीनगरला आणा. ऐंशी ओलांडली असेल तर धोका बराच वाढतो, त्यात किडनी थोडी कमजोर आहे. मग गोळ्यांवरच ठेवायचं का, याचा विचार करा. चारला मी निघतो, त्याआधी सांगा."

दोन वाजले होते.

आधार कार्डावर एक्याऐंशी होतं, पण निराधार योजनेचा सरकारी पगार लवकर सुरू व्हावा म्हणून भावानंच ते वाढवून लावलेलं. मी त्याला कोपऱ्यात घेतलं. "किती वाढवलं होतंस?"

"आता ते कुठं ध्यानात ऱ्हातंय? लई न्हाई वाढवलं."

"लई न्हाई म्हणजे किती?"

"चार-पाच. का आठ. मला काय म्हाईत होतं, असं आडवं येईल म्हणून!"

अस्सा राग आला मला! पण माझ्या एकाहत्तरात तरी काय दम होता? तो आकडा अण्णांच्या शाळेच्या दाखल्यावरचा. मी स्वतः वडवणीला मास्तरीण, मला त्या दाखल्यावरची एक जून बरोबर कळते. आमच्याकडं अर्धा गाव एक जूनला जन्मलेला असतो. गुरुजी पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावून बघायचे, पोचला की लिहिलं सहा वर्षं. आणि अण्णा तर आधी जनावरं राखून, मग कधीतरी शाळेत गेलेले. सहाचे होते का दहाचे, कोण जाणे.

मग मी तलवाड्याला आत्याला फोन लावला. ती अण्णांहून थोरली, तिला ठाऊक असणारच.

"आत्या, रझाकारांच्या वेळी अण्णा होते का गं?"

"व्हता की! माय त्याला कडंवर घिऊन ज्वारीत लपली व्हती."

रझाकार म्हणजे अठ्ठेचाळीस साल, म्हणजे अण्णा ऐंशीच्या आसपास. तेवढ्यात आत्या म्हणाली, "थांब बाई. कडंवर व्हता तो आधीचा. तो गोवरात गेला. त्याच्या माघारी तुझा बाप झाला, त्याला बी तेच नाव ठिवलं." "का तुझाच बाप व्हता कडंवर? अगं माय, मी बी लहानच की गं! पर तू हे आत्ता का म्हून इचारायलीस?"

मला रडूच फुटलं. म्हणजे कडेवर अण्णा होते का अण्णांचा मेलेला भाऊ होता, हेही नक्की नाही, आणि त्यावर आम्ही त्यांची छाती उघडायची का नाही ते ठरवणार!

भाऊ म्हणत होता, नको. टेबलावरच काही झालं तर गाव मला काय म्हणेल? मी म्हणत होते, करू. पाच मिनिटांनी तो म्हणाला, बरं करू, तर मीच म्हणाले, नको रे, हाल होतील. आम्ही अण्णांच्या खाटेशीच भांडत होतो. ते डोळे मिटून पडलेले. त्यांना विचारायचं आमच्या डोक्यातही आलं नाही, कारण गेली कित्येक वर्षं दर लग्नात, दर दिवाळीला ते एकच ऐकवायचे, "माझं काय, आज हाय उद्या न्हाई." त्यांचं उत्तर आम्हाला माहीतच आहे, असं आम्ही धरून चाललो होतो.

चारला डॉक्टर आले. "ठरलं का?"

मी भावाकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं.

अण्णा कोपरावर रेलून अर्धे उठले. "डाक्टरसाहेब, सत्तर लिवा."

"अण्णा, तुमाला काय म्हाईत?" भाऊ म्हणाला.

"न्हाई म्हाईत." त्यांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. डॉक्टरांची बाही धरली आणि बाजारात भाव करावा तसं म्हणाले, "सत्तराला जमत नसंल तर साठ लिवा. पर करा आपरेशन. ही दोघं दुपारधरून भांडायलीत, मला कुणी इचारंना. मला जगायचंय."

डॉक्टरांनी संमतीचा कागद माझ्या हातात दिला. मला त्यावरचं काही दिसेना, सही कुठं करायची ते भावानं बोट ठेवून दाखवलं.